युरियातून सुटणारा नायट्रस ऑक्साइड: देशाचा हिशोब आणि शेतातले उपाय

वाफसा

शेतीतल्या हरितगृह वायूंचा विषय निघाला की चर्चा भातातला मिथेन आणि पंजाब-हरियाणातली पराळी इथेच अडकते. युरियातून सुटणारा नायट्रस ऑक्साइड मागे राहतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही. शंभर वर्षांच्या हिशोबाने त्याचा एक किलो म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे २७३ किलो, आणि हवेत तो शंभराहून जास्त वर्षं टिकतो. भारतापुरता आणि त्यातही नत्रखतांपुरता हा धागा ठेवू.

देशात वर्षाला साडेतीन कोटी टनांहून जास्त युरिया लागतो. सगळी खतं धरली तर शेतात पडणारं नत्र (नायट्रोजन) २ कोटी टनांच्या आसपास. हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतला (२००६) ढोबळ गुणांक असा, की टाकलेल्या नत्रातलं १ टक्का नत्र थेट नायट्रस ऑक्साइड होऊन जातं. नत्राचं वायूत रूपांतर करायला ४४/२८ ने, म्हणजे १.५७ ने गुणायचं.

हेच एका गोणीवर मांडतो. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांनी २०.७ किलो नत्र. त्याचा १ टक्का ०.२०७ किलो. गुणिले १.५७ म्हणजे ०.३२५ किलो वायू. गुणिले २७३ म्हणजे सुमारे ८९ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम, एका गोणीमागे. शिवाय युरिया विरघळून फुटताना त्याच्या रेणूतला कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो, टनाला ०.७३ टन, म्हणजे गोणीला ३३ किलो. कारखान्यातला गॅस आणि वीज यात धरलेली नाही.

देशाच्या २ कोटी टन नत्राला हाच गुणांक लावला तर थेट उत्सर्जन साडेआठ कोटी टन कार्बन डायऑक्साइड-समतुल्य होतं. गुणांक बदलला की आकडाही बदलतो. त्यावर जाणकारांनी लिहावं.

आकडेमोड

लिहितो, कारण १ टक्का हा आकडा सगळीकडे सरसकट चिकटवलेला दिसतो.

त्याच मार्गदर्शिकेच्या २०१९ च्या सुधारणेत तो फोडला आहे. ओल्या हवामानात रासायनिक खताला १.६ टक्के, शेणखत-कंपोस्टसारख्या इतर नत्राला ०.६ टक्के. कोरड्या हवामानात सगळ्यालाच ०.५. पाणी साठवलेल्या भाताला वेगळा, ०.४ टक्के. भारत आपल्या राष्ट्रीय अहवालात देशात घेतलेल्या मोजमापांवरचा गुणांक वापरतो आणि तो १ टक्क्यापेक्षा कमी आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरडवाहू कापसाला आणि कोकणाच्या भाताला एकच आकडा लावणं चूकच.

दुसरा मुद्दा आडमार्गाच्या उत्सर्जनाचा, जो लोक हमखास विसरतात. युरियातलं सुमारे १५ टक्के नत्र अमोनिया होऊन उडतं. तो दुसरीकडे जमिनीवर उतरला की त्यातला १ टक्का पुन्हा नायट्रस ऑक्साइड होतो. पाणी भरपूर असलेल्या ठिकाणी आणखी २४ टक्के नायट्रेटरूपात निचऱ्याबरोबर वाहून जातं, त्यातले १.१ टक्के नदी-नाले-विहिरींतून वायू होऊन निघतात. बेरीज करा: १०० किलो नत्रामागे ०.१५ अधिक ०.२६. म्हणजे थेट १ किलोवर वरून आणखी ०.४ किलो. कोरड्या हवामानातही सिंचन असेल तर हा निचरा धरतात, मात्र ठिबकला त्यातून वगळलं आहे. कागदावरसुद्धा ठिबकचा हिशोब वेगळा होतो तो असा.

भारताने २०१६ सालाचा जो अहवाल संयुक्त राष्ट्रांना दिला, त्यात शेतीच्या एकूण उत्सर्जनात जनावरांच्या रवंथाचा वाटा निम्म्याहून जास्त आहे. खत घातलेल्या जमिनींचा सुमारे १९ टक्के, भाताचा त्याहून थोडा कमी. म्हणजे भातातल्या मिथेनवर आपण जेवढं बोलतो, निदान तेवढं तरी युरियावर बोलायला हवं.

नांगरट

शेणखताचा गुणांक कमी आहे तर सगळं शेणखतावर नेलं की प्रश्न सुटला?

आकडेमोड

नाही. गुणांक किलो नत्रामागे आहे. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. १०० किलो नत्रासाठी २० टन शेणखत लागेल, आणि पीक मागतं तेव्हाच ते सुटेल याचा भरवसा नाही. शिवाय उकिरड्यावर साठवताना मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड दोन्ही निघतात, ते वेगळ्या रकान्यात मोजतात. श्रीलंकेने २०२१ च्या उन्हाळ्यात रासायनिक खतांची आयात बंद केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. अन्नाचा हिशोब सोडून उत्सर्जनाचा हिशोब करता येत नाही.

चिकणमाती

हा वायू नेमका कधी सुटतो हे समजलं की उपाय आपोआप दिसतात, म्हणून मातीत काय होतं ते थोडक्यात.

युरियावर युरीएज हे विकर (एन्झाइम) काम करतं आणि उष्ण जमिनीत दोन-चार दिवसांत त्याचं अमोनियम होतं. त्या अमोनियमचं नायट्रोसोमोनास हे जिवाणू नायट्राइट करतात, पुढे नायट्रोबॅक्टर नायट्रेट करतात. या टप्प्यात थोडा नायट्रस ऑक्साइड गळतो. नंतर जमिनीत पाणी भरलं, हवा कोंडली आणि खायला कार्बन असला, की दुसरे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात: नायट्रेट, नायट्राइट, नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी निरुपद्रवी नायट्रोजन. साखळी शेवटच्या पायरीआधी तुटली तर नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो.

मातीतल्या पोकळीचा किती भाग पाण्याने भरला आहे यावर सगळं ठरतं. ३० ते ६० टक्के भरला असेल तर पहिला मार्ग चालतो, गळती थोडी. ६० ते ८० टक्के ही सगळ्यात वाईट पट्टी. ८० च्या वर साखळी पूर्ण होते आणि बहुतेक नत्र नायट्रोजन होऊन जातं. ते हवेला चालतं, शेतकऱ्याच्या खिशाला नाही.

ही टक्केवारी काढणं सोपं आहे. वजनावर ओल ३० टक्के आणि मातीची घनता १.२ असेल तर आकारमानाने ओल ३६ टक्के. एकूण पोकळी म्हणजे १ वजा (१.२ भागिले मातीच्या कणांची घनता २.६५), साधारण ५५ टक्के. ३६ भागिले ५५ म्हणजे ६६ टक्के. भारी काळ्या जमिनीत पाट-पाणी दिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नेमकी हीच अवस्था असते, आणि युरिया फोकतात तोही त्याच आसपास. दोन गोष्टी एकत्र येतात तिथेच उसळी.

आम्लतेचाही भाग आहे. साखळीची शेवटची पायरी करणाऱ्या विकराला तांबं लागतं, आणि सामू (पीएच) ६ च्या खाली गेला की ते नीट तयार होत नाही. म्हणून कोकणातल्या जांभ्याच्या आम्ल जमिनीत तेवढ्याच नायट्रेटपासून नायट्रस ऑक्साइडचा वाटा जास्त निघतो. देशावर, म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेला, सामू ८ च्या पुढे, तिथे हा वाटा कमी, पण वर राहिलेल्या युरियातून अमोनिया फार उडतो. कोकणातला सल्ला जसाच्या तसा सोलापुरात चालणार नाही.

सरीवरंबा

उसाबद्दल लिहितो, कारण महाराष्ट्रात हेक्टरी भरपूर नत्र पडणाऱ्या पिकांपैकी तो एक. लागणीच्या हंगामाप्रमाणे शिफारस बदलते: सुरू (हिवाळ्याअखेरच्या) उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, पूर्वहंगामीला (पावसाळ्यानंतरच्या) ३४० आणि आडसालीला (पावसाळ्यातल्या) ४००. सुरूचे हप्ते ठरलेले आहेत: लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १०, मोठ्या बांधणीला (बुडख्याला माती चढवताना) ४०.

बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, लागणीच्या वेळी. बेण्याला पांढरी मुळं फुटायला वेळ लागतो, तोपर्यंत नत्र उचलायला कोणी नाही. तिथे १० टक्क्यांऐवजी चौथा हिस्सा टाकला आणि पाठोपाठ आंबवणी-चिंबवणीची (लागणीनंतरची पहिली-दुसरी) पाणी दिली, की चिकणमातींनी सांगितलेली वाईट पट्टी आपण स्वतः तयार करतो. दुसरं, मोठ्या बांधणीला. ४० टक्के म्हणजे १०० किलो नत्र, हेक्टरी २१७ किलो युरिया, पाच गोण्यांना थोडा कमी. तो सरीत फोकून नुसतं पाणी सोडलं तर वाया. आधी सरीत टाका, लगेच रिजरने (सरी पाडायच्या अवजाराने) माती चढवा, मग हलकं पाणी.

खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) पाचट जाळू नका हे आता सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण पाचटावर युरिया फोकला तर दुहेरी नुकसान. पाचटात युरीएज भरपूर असतं, त्यामुळे अमोनिया झपाट्याने उडतो. आणि कुजणारं पाचट जिवाणूंना कार्बन पुरवतं, त्यामुळे खालचं नायट्रेट वायू होतं. कुजवण्यासाठी हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो जिवाणू संवर्धक एवढंच वरून द्यायचं असतं. मुख्य खत पहारीने: बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, १५ ते २० सेंटिमीटर खोल भोक, दोन भोकांत ३० सेंटिमीटर अंतर. खत टाकून भोक मातीने बुजवायचं. निम्मं खत तोडणीनंतर पंधरा दिवसांत एका बाजूला, उरलेलं साडेचार महिन्यांनी दुसऱ्या बाजूला. मजूर लागतात हे खरं. पण भोक उघडं ठेवलं तर सगळी मेहनत फुकट, अमोनियाचा वास लगेच सांगतो.

ठिबक असेल तर चांगलंच. पाण्याच्या वेळेचे तीन भाग करा. पहिल्या भागात नुसतं पाणी, मधल्यात खत, शेवटच्यात नळ्या धुण्यापुरतं पाणी. शेवटचा भाग लांबला की युरिया मुळांच्या खाली ढकलला जातो. युरिया विरघळताना पाणी थंडगार पडतं आणि घाईत खडे राहतात, म्हणून किलोला निदान पाच लिटर पाणी घ्या आणि गाळून सोडा. आठवड्याला थोडं थोडं नत्र दिलं तर जमिनीत अमोनियम-नायट्रेटचा साठा कधीच मोठा होत नाही, हेच त्यातलं मर्म.

नांगरट

आता सगळा युरिया निमलेपितच येतो. मग त्याने हे थांबत नाही का?

चिकणमाती

२०१५ पासून देशात शंभर टक्के निमलेपन सक्तीचं आहे. निमतेलाचं प्रमाण टनाला ३५० ग्रॅमच्या आसपास. ४५ किलोच्या गोणीवर साधारण १६ ग्रॅम. एवढ्याने नायट्रोसोमोनास काही दिवस मंदावतात, महिनाभर नाही. लेपन करण्यामागे दुसरा हेतूही होता: अनुदानाचा युरिया कारखान्यांत वळू नये. तो हेतू चांगलाच आहे, पण म्हणून निमलेपन आलं की हप्ते कमी केले तरी चालतील असं समजू नका. निंबोळी पेंड मिळत असेल तर युरिया ५ ते ६ भाग आणि पेंड १ भाग असं आदल्या दिवशी मिसळून ठेवण्याची जुनी शिफारस आजही उपयोगी आहे.

परदेशात डीएमपीपी, डीसीडी, नायट्रापायरिन अशी नायट्रिफिकेशन (अमोनियमचं नायट्रेट होणं) रोखणारी रसायनं वापरतात. जगभरच्या प्रयोगांची एकत्र सरासरी काढली तर नायट्रस ऑक्साइड ३५ ते ४० टक्क्यांनी कमी दिसतो. पण उष्णतेत डीसीडी लवकर विघटित होतं, आणि क्षारीय जमिनीत अमोनियम जास्त वेळ टिकलं की अमोनियाचं नुकसान वाढतं. खत मातीआड असेल तरच ती रसायनं आपल्याकडे वापरण्यात अर्थ आहे.

आकडेमोड

नॅनो युरियाचा प्रश्न येणारच, म्हणून आधीच. २०२१ मध्ये आलेल्या अर्धा लिटर बाटलीत ४ टक्के नत्र, म्हणजे २० ग्रॅम. गोणीत २०.७ किलो. पानातून शोषण कितीही चांगलं मानलं तरी हजारपट तफावत भरून निघणार नाही. गोणी कमी करून बाटली फवारली तर नायट्रस ऑक्साइड कमी होईल, पण तो गोणी कमी केल्यामुळे. आधीच जादा टाकत असाल तर बाटलीविनाही तेवढीच घट मिळते. टाकत नसाल तर उत्पादन किंवा जमिनीतला साठा, दोन्हीपैकी एक घटणार.

आणि जादा नत्राबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. पिकाच्या गरजेपर्यंत हा वायू साधारण प्रमाणात वाढतो, गरज ओलांडली की त्याहून वेगाने. शेवटची जादा गोणी ही पहिल्या गोणीपेक्षा जास्त घातक. देशाचा आकडा खाली आणायचा तर सुरुवात तिथून करावी, यावर माझं ठाम मत आहे.

खाचर

भाताकडे या. चारसूत्री लागवड पद्धतीतली युरिया-डीएपी ब्रिकेट (युरिया आणि डायअमोनियम फॉस्फेटची दाबून केलेली गोळी) हा या धाग्यातला सगळ्यात चांगला उपाय आहे आणि तो आपल्याकडेच तयार झालेला आहे, तरी त्याचं नाव अजून कोणी घेतलं नाही.

दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटर आलटून-पालटून खुणा, दोन्ही दिशांनी. त्यामुळे चार चुडांचा (रोपांच्या जुडग्यांचा) एक लहान चौकोन बनतो. लावणीच्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट, ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. हेक्टरी ६२,५०० ब्रिकेट, म्हणजे १७० किलो. गुंठ्याला ६२५, पावणेदोन किलोला थोड्या कमी. यातून हेक्टरी ५७ ते ५९ किलो नत्र मिळतं, आणि फोकून द्यायच्या १०० किलोच्या तुलनेत पीक मागे पडत नाही.

खोलवर चिखलात ऑक्सिजन नसतो, म्हणून अमोनियमचं नायट्रेटच होत नाही. नायट्रेट नाही तर नायट्रस ऑक्साइडही नाही, आणि वर पाणी असल्यामुळे अमोनियाही अडतो.

बिघडतं कुठे? उथळच खोचून पुढे गेलं तर चिखलणीच्या वरच्या ऑक्सिजन असलेल्या थरात ती विरघळते. रेताड खाचरात पाणी झिरपतं तिथे नत्र खाली जातं. आणि ब्रिकेट दमट हवेत उघडी राहिली तर हातात पीठ होते, म्हणून पिशवी लावणीच्या दिवशीच फोडा.

वाफसा

पाणी आलटून-पालटून देण्याबद्दलही सांगा. मिथेनसाठी त्याची शिफारस जोरात आहे.

खाचर

तिथे सावध राहायला हवं. खाचर सुकलं की मिथेन थांबतो, पण अमोनियमचं नायट्रेट होतं आणि पुन्हा पाणी भरलं की तेच नायट्रस ऑक्साइड होऊन निघतं. एक किलो नायट्रस ऑक्साइड म्हणजे जवळपास दहा किलो मिथेन. बहुतेक ठिकाणी बेरीज फायद्यातच राहते, पण नत्र जादा आणि सुकवणी कडक असेल तर फायदा बराच खाल्ला जातो.

खाचरात भोकांचा पाइप पुरून ठेवा. पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरलं की पुन्हा भरा, त्याहून खाली जाऊ देऊ नका. युरिया पुन्हा पाणी भरण्याच्या आधी द्या आणि दिल्यानंतर पाच-सात दिवस पाणी उभं ठेवा. फुलोऱ्यात सुकवू नका. हप्ता द्यायचा की नाही हे पानाच्या रंगाच्या पट्टीवरून ठरवा: लावणीनंतर दोन आठवड्यांनी सुरुवात, दर सात ते दहा दिवसांनी दहा झाडं, वरचं पूर्ण उघडलेलं पान, अंगाच्या सावलीत धरून. दहापैकी सहा पानं ४ नंबरपेक्षा फिकी असतील तरच एकरी २५ किलो युरिया. उन्हात बघितलं तर पान फिकं दिसतं आणि उगाच हप्ता पडतो.

वायुनमुना

मोजमापाबद्दल कोणी बोललं नाही. विद्यापीठांतले विद्यार्थी इथे वाचतात, म्हणून नेहमीच्या चुका लिहितो.

बंद पेटीची पद्धत. तळाची चौकट १० सेंटिमीटर जमिनीत, निदान आदल्या दिवशी ठोकलेली. त्याच दिवशी ठोकली तर हललेल्या मातीचा वायू मोजला जातो. सकाळी ९ ते ११ मध्ये पेटी ठेवा, पांढरी किंवा उष्णतारोधक, आत पंखा आणि तापमापक. ०, २०, ४० आणि ६० मिनिटांना सिरिंजने नमुना, तो निर्वात बाटलीत दाबाने भरा. वापरून चाळण झालेलं रबरी झाकण पुन्हा लावू नका, नमुना गळून बाहेरच्या हवेइतका होतो. गॅस क्रोमॅटोग्राफला इलेक्ट्रॉन कॅप्चर शोधक हवा, आणि बाष्प व कार्बन डायऑक्साइड आधी अडवायला हवेत.

हिशोब असा: ४० सेंटिमीटर उंच पेटीत अर्ध्या तासात प्रमाण १५० अब्जांशाने वाढलं. २५ अंशांना एक अब्जांश म्हणजे घनमीटरला १.१४५ मायक्रोग्रॅम नत्र. १५० गुणिले १.१४५ गुणिले ०.४ भागिले ०.५, म्हणजे तासाला चौरस मीटरमागे १३७ मायक्रोग्रॅम. हेक्टरी दिवसाला ३३ ग्रॅम नत्र.

मोठ्या चुका तीन. आठवड्यातून एकदाच नमुना घेणं, म्हणजे उसळी हुकते. खत किंवा पाणी दिल्यावर सात दिवस रोज घ्या. कमी उत्सर्जनाचे नमुने रेषा नीट जुळत नाही म्हणून फेकणं, म्हणजे सरासरी खोटी वर जाते. आणि बिननत्राचा तुकडा न ठेवणं. समजा २५० किलो नत्राच्या तुकड्यातून हंगामात २.९ किलो निघालं आणि बिननत्राच्या तुकड्यातून ०.९, तर गुणांक २.० भागिले २५०, म्हणजे ०.८ टक्के. बिननत्राचा तुकडा नसता तर तोच १.१६ दिसला असता. उसात सरी आणि वरंब्यावर वेगवेगळ्या पेट्या ठेवून क्षेत्राच्या प्रमाणात सरासरी काढा.

सरीवरंबा

एक राहिलं, विहिरीचं पाणी. ऊस पट्ट्यात विहिरींत नायट्रेट उतरलेलं असतं आणि खताच्या हिशोबात ते कोणी धरत नाही. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट. तेवढंच असेल तर ०.२२६ ने गुणून नत्र १०.२ मिलिग्रॅम. ६ सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे हेक्टरी ६०० घनमीटर, त्यातून ६.१ किलो नत्र. दहा पाळ्यांत ६१ किलो, जवळपास तीन गोण्या युरिया, विकत न घेता. तेवढा युरिया हप्त्यांतून वजा करा.

नांगरट

हे घरी तपासता येतं?

वायुनमुना

नायट्रेटच्या कागदी पट्ट्या मिळतात. पंप दहा मिनिटं चालू ठेवून मग पाणी घ्या, विहिरीच्या वरच्या थराचं नको. पट्टी दिलेल्या सेकंदांनीच वाचा, उशीर झाला की रंग गडद होत जातो. आणि डबीवर आकडा नायट्रेटचा दिला आहे की नायट्रेटमधल्या नत्राचा, हे आधी बघा. नत्राचा असेल तर ०.२२६ ने गुणायचं नाही. दोन्हींत साडेचारपट फरक आहे, आणि हिशोब सगळ्यात जास्त तिथेच चुकतो.